डॉल्फिनची वाकडी कवटी

अकोल्यातल्या एका जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. त्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर, कापसाच्या गादीवर, एक कवटी ठेवलेली असे. हातभर लांब. पुढं चिमट्यासारखी निमुळती चोच, चोचीच्या दोन्ही कडांना टोकदार दातांची रांग, आणि कपाळ असायला हवं तिथं खोलगट वाटी. शेजारच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर शाईनं लिहिलेलं होतं, 'डॉल्फिन. रत्नागिरी किनारा. १९७४.' शालू तायडे यांनी तेवीस वर्षं दर शनिवारी ही कवटी कपाटातून काढली, मऊ ब्रशनं झाडली आणि परत ठेवली. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

शालूबाई त्या विभागात लॅब अटेंडंट होत्या. पोरंपोरी त्यांना मावशी म्हणत. ही नोकरी त्यांना नवऱ्याच्या जागेवर, अनुकंपा तत्त्वावर मिळालेली. शेषराव तायडे मूळचे बार्शीटाकळीचे. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात नोकरीला लागलेले ते पहिले. सोळा वर्षं त्यांनी ही मागची खोली सांभाळली आणि एका पावसाळ्यात काविळीनं आठ दिवसांत गेले. लेक नीलम तेव्हा चार वर्षांची होती. दोन वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, आणि मग नववीपर्यंत शिकलेल्या शालूबाई एके सकाळी फॉर्मॅलिनच्या वासात येऊन उभ्या राहिल्या.

पहिले चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. पाचव्या दिवशी बरणी पुसताना आतल्या सापाकडं त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. पाठीवरचे खवले बारीक, पण पोटाखालचे चांगले रुंद, एकामागं एक लावलेल्या पट्ट्यांसारखे. असं काहून असन, असं त्यांच्या मनात आलं, आणि नेमकं शेजारच्या वर्गात सर त्याच गोष्टीवर बोलत होते. शालूबाईंनी ट्रे धुता धुता नळ बारीक केला आणि कान दिला. साप त्या पट्ट्यांनी जमीन धरून सरकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नळ बारीक करायची सवय त्यांना पुढं कायमची लागली.

तेवीस वर्षांत त्यांनी दाराआडून किती तास ऐकले याची गणती नाही. बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन, शार्कच्या अंगात एकही हाड नाही, गोम आणि पैसा किडा यांच्यातला फरक पायांच्या जोड्यांत, हे सगळं त्यांना येत होतं. बेडूक कापणं बंद झालं तेव्हा मेणाचे ट्रे त्यांनीच धुऊनपुसून वरच्या माळ्यावर रचून ठेवले. परीक्षेच्या दिवशी पोरं डोळ्यांनी विनवायची, 'मावशी, या बरणीत काय आहे?' शालूबाई म्हणायच्या, "मले इचारू नको. तिकडं पाहून राहा, तेच सांगते." आणि खरंच, पोरं जरा शांतपणे बघत राहिली की अर्ध्यांना आठवायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना कुठल्याच तासाला ऐकायला मिळाली नाही.

ती कवटी वाकडी होती. समोरून पाहिलं तर कळायचं नाही. वरून पाहिलं की दिसायचं, की नाकाची दोन भोकं बरोबर मधोमध नाहीत, डावीकडं सरकलेली आहेत, आणि उजव्या बाजूचं हाड डाव्यापेक्षा रुंद आहे. ओल्या मातीचं तोंड कुणी बोटांत धरून किंचित पिळावं, तसं.

या वाकडेपणाचा शेषरावांच्या आयुष्याशी संबंध होता. त्यांच्या जाण्याच्या दोन वर्षं आधी विभागाला नवे प्रमुख आले. त्यांचा अभ्यास किड्यांचा. आल्या आल्या त्यांनी कपाटातली एकेक वस्तू तपासायला घेतली, आणि कवटी हातात घेऊन फिरवल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शेषराव, ही वाकडी कशी झाली? पाडली ना?"

"नाई सर. मी आलो तवापासून अशीच हाय."

"जन्मतः कुणाचं डोकं असं वाकडं असतं का? पडली असेल तर पडली म्हणा. इथं कोणी तुम्हाला फासावर देत नाही."

सर तेवढं बोलून पुढच्या फळीकडं वळले. वस्तूंच्या नोंदवहीत मात्र त्या कवटीपुढं त्यांनी लिहिलं, 'हाताळताना नुकसान'. शिक्षा काही झाली नाही, कुणी पुन्हा विषयही काढला नाही. पण शेषराव काचेचं भांडं उचलतानाही दोन हात लावणारे गृहस्थ. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि चहा न घेता ओट्यावर बसून राहिले. शालूबाईंनी सगळं ऐकलं, आणि समजूत घालायची म्हणून म्हणाल्या, "पडली असन तं सांगून टाका ना. माणसाच्या हातून पडते कधी कधी."

शेषरावांनी मान वर केली. "तुले बी तसंच वाटते?"

शालूबाई गप्प राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. शेषरावांनी तो विषय नंतर कधी काढला नाही.

नोकरीवर आल्यावर भीती मोडली तशी शालूबाईंनी पहिलं काम केलं ते त्या कवटीचं. खिडकीच्या उजेडात नेऊन त्यांनी ती इंच इंच पाहिली. कुठं तडा नाही, जोड नाही, डिंकाचा डाग नाही. आणि तरी वाकडी. मग पडली असेल तर फुटली कशी नाही? आणि पडली नसेल तर वाकडी काहून? त्यांनी एका सरांना विचारलं. ते म्हणाले, वाळताना आखडली असेल. दुसरे म्हणाले, उन्हात राहिली असेल बरेच दिवस. शालूबाईंनी दोन्ही उत्तरं ऐकून घेतली. त्यांच्या माहेरी, बाळापूरच्या पलीकडं, मेलेल्या बैलांची हाडं त्यांनी वर्षानुवर्षं उन्हात पडलेली पाहिली होती. वऱ्हाडच्या उन्हात. एकाही बैलाचं तोंड वाकडं झालेलं नव्हतं.

नीलमजवळ यातलं त्या कधी बोलल्या नाहीत. बोलायचं म्हणजे ओट्यावरची ती संध्याकाळही सांगावी लागली असती.

शालूबाई जून महिन्यात निवृत्त झाल्या. नीलम तोवर नर्स होऊन सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात लागली होती. दर आठवड्याला फोनवर तिचं एकच, "आई, आता तुले काय काम हाय? ये ना इकडं." शालूबाई जानेवारीत निघाल्या. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी अकोल्याला धरली, डब्यात बाजूच्या बाईला ठेचा-भाकरी दिली, आणि दुसऱ्या दिवशी बोगद्यांमागून बोगदे मोजत कुडाळला उतरल्या.

समुद्र पाहिल्यावर त्या काय म्हणतील याची नीलमला मोठी उत्सुकता होती. ती त्यांना थेट पुळणीवर घेऊन गेली. शालूबाई चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, लाट आली तशा दोन पावलं मागं सरल्या, मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"आई! काय करून राहिली?"

"पाहून राहिली." त्यांनी तोंड वाकडं करून थुंकलं. "आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीहून लय खारं हाय व. मले वाटलं होतं तेवढंच असन."

दोन दिवसांनी नीलमची सुटी होती. तिथून अर्ध्या तासावर, एका खाडीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात सागरी जीवांची ओळख करून देणारं एक केंद्र होतं. शाळांच्या सहली तिथं येत. सकाळी एक होडी डॉल्फिन दाखवायला जाई. टाक्यातले नाहीत, समुद्रातले, मोकळे. नीलमनं दोघींची नावं आधीच सांगून ठेवली होती.

पण त्या सकाळी वारा सुटला. केंद्रातली रश्मी नावाची तरुण मुलगी दारातच भेटली. केस वर बांधलेले, पायात रबरी बूट. ती दिलगिरीच्या सुरात म्हणाली, "आज होडी नाही जाणार, मावशी. पाणी उसळलंय. उद्या बघू. तोवर आत तर या, पाहण्यासारखं आहे."

आत भिंतींवर माशांची चित्रं होती, शिंपल्यांची रचना होती, जाळ्यात अडकलेल्या कासवाची एक रिकामी पाठ होती. नीलम चित्रं वाचत चालली. शालूबाई मात्र खोलीच्या मधल्या टेबलापाशी जाऊन थबकल्या. टेबलावर पाटी होती, 'हात लावून बघा'. आणि पाटीमागं तीच लांब चोच, तीच खोलगट वाटी.

त्यांनी कवटी उचलली. एक तळवा खाली, दुसऱ्या हाताची बोटं चोचीच्या मुळाशी. रश्मी पाहतच राहिली. येणारे सगळे ती चोचीला धरून उचलायचे आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

"तुम्ही आधी कवटी हाताळलेली दिसते, मावशी."

शालूबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी कवटी वळवून वरून पाहिली होती आणि त्या जागच्या जागी थांबल्या होत्या. भोकं डावीकडं सरकलेली. उजवं हाड रुंद.

"ही कोणं पाडली व बाई?"

"पाडली? नाही हो, कुणीच नाही पाडली."

"मंग ही वाकडी काहून हाय?"

रश्मीचा चेहरा एकदम खुलला. "तुम्हाला दिसलं? इथं येणाऱ्या शंभरात एकालाही दिसत नाही!" ती धावत आतल्या खोलीत गेली आणि आणखी एक कवटी घेऊन आली. ही वेगळ्या जातीच्या डॉल्फिनची, चोच आखूड, दात मोठे. शालूबाईंनी ती वरून पाहिली. डावीकडं. रश्मीनं भिंतीवरचं एक छायाचित्र दाखवलं, त्यात सहा कवट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. शालूबाई एकेकीवर बोट ठेवत गेल्या. डावीकडं, डावीकडं, डावीकडं.

"सगळ्यायचीच?"

"सगळ्यांची. कुणाची कमी, कुणाची जास्त, पण सरकलेली असतातच." रश्मीनं स्टूल ओढलं आणि त्यांना बसवलं. "डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं. त्या नाकाखाली आवाज काढायचे दोन अवयव असतात, एक डावा, एक उजवा. उजवा मोठा. त्याला जागा लागते, म्हणून हाडं डावीकडं ढकलली गेलीत. खाडीच्या तोंडाशी पाणी किती गढूळ असतं बघा. डोळ्यांना काय दिसणार? मग हे पुढं आवाज फेकतात. तो माशावर आपटून परत येतो आणि त्यावरून त्यांना कळतं, मासा कुठं आहे, केवढा आहे."

"अन् ही वाटी? कपाळाची?"

"ती रिकामी नसते. जिवंतपणी त्यात चरबीचा गोळा असतो. आवाज त्यातून एका रेषेत बाहेर पडतो. टॉर्चच्या काचेतून उजेड पडतो ना, तसा."

"अन् ऐकते कशानं? कान तं दिसत नाई मले कोठी."

"खालच्या जबड्यानं. जबडा आतून पोकळ असतो, त्यातही चरबी. तिथून आवाज कानाच्या हाडापर्यंत जातो."

शालूबाईंनी खालचा जबडा हातात घेतला, आत बोट घालून पोकळी चाचपली. मग हळूच विचारलं, "चौऱ्याहत्तर सालच्या डॉल्फिनचं बी असंच असन?"

रश्मीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "लाखो वर्षांपासून असंच आहे, मावशी."

शालूबाईंनी कवटी पाटीमागं होती तशी ठेवली आणि त्या बाहेर आल्या. सुरूच्या झाडांखाली सिमेंटचा बाक होता. वाऱ्यानं झाडं सूं-सूं करत होती. नीलम मागोमाग आली तेव्हा आईचे डोळे भरलेले होते.

"आई? काय झालं? चक्कर येऊन राहिली का?"

"तुह्या बाबानं पाडली नव्हती व."

"काय पाडली नव्हती?"

मग शालूबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नवे प्रमुख, नोंदवही, ओट्यावरची संध्याकाळ. नीलमला वडील जेमतेम आठवत होते. त्यांच्या शर्टाला येणारा एक उग्र वास आणि सायकलच्या दांडीवर बांधलेली छोटी सीट, एवढंच.

"मी तथी गप राहिली," शालूबाई म्हणाल्या. "त्यायनं मले सरळ इचारलं होतं. अन् मले खरंच तसं वाटत होतं. वाटलं, पडली असन, भेऊन सांगून नाई राहिले. आपल्याच माणसावर इश्वास नाई ठेवला म्या."

"आई, तुले कसं माहीत असन? सरायले माहीत नव्हतं."

"सरायले माहीत नव्हतं ते ठीक. पण मले माणूस माहीत होता ना."

नीलम शेजारी टेकली. ती आईच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळानं शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले, उठल्या, आणि पुन्हा आत जाऊन रश्मीला म्हणाल्या, "बाई, या दोन कवट्यायचा वरून फोटो काढून देता का? चांगला उजेडात."

रश्मीनं फोटो काढला. शालूबाईंनी सांगितलं तसं नीलमनं लिहिलं आणि कॉलेजातल्या आताच्या प्रमुख निधी मॅडमना पाठवलं. डॉल्फिनची कवटी मुळातच वाकडी असते, ती कोणी पाडलेली नाही, नोंदवहीत सत्त्याण्णव सालच्या पानावर दुरुस्ती करावी, ही विनंती. दुपारी जेवताना उत्तर आलं. निधी मॅडमनी नोंदवही काढून पाहिली होती. जुन्या ओळीवर रेघ मारून त्यांनी बाजूला 'नैसर्गिक रचना' असं लिहिलं होतं, खाली सही आणि तारीख, आणि पानाचा फोटो. शालूबाईंनी तो मोठा करून पाहिला, अक्षर अन् अक्षर वाचलं, आणि भाताकडं वळल्या. "मासा कोणता हाय हा?" त्यांनी विचारलं. "काटा मधोमध हाय याचा, बरोबर."

दुसऱ्या दिवशी वारा पडला. नीलमला ड्यूटी होती. "रविवारी जाऊ ना दोघी," ती म्हणाली. पण शालूबाईंना रविवारपर्यंत धीर कुठला! त्या एकट्याच रिक्षानं निघाल्या. उभ्या आयुष्यात होडीत पाय ठेवलेला नव्हता. आत्माराम नावाच्या म्हाताऱ्या होडीवाल्यानं हात पुढं केला, "ये गे बाय, हंय पाय ठेव." शालूबाई चढल्या आणि नारिंगी लाईफ जॅकेटात लुगड्यासकट कोंबल्या जाऊन बसल्या. रश्मी होती, आणि पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं.

खाडी ओलांडून होडी मोकळ्या पाण्यात आली तशी आत्मारामनं इंजिन बंद केलं. रश्मी म्हणाली, आपण त्यांच्या मागं लागायचं नाही, थांबायचं. यायचे असतील तर तेच येतील. होडी पाळण्यासारखी डुलत राहिली. पाऊण तास झाला. पुण्याचे गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लावून क्षितिजाकडं बघत होते, त्यांच्या पत्नीला मळमळायला लागलं होतं. शालूबाईंनी मात्र बघायचं सोडून दिलं. एवढ्या चमचमत्या पाण्यात काय दिसणार? त्यांनी डोळे मिटले आणि कान दिला. होडीच्या फळ्यांवर पाण्याच्या चापट्या, दूर एक घार, आत्मारामचा खोकला.

मग मागून आवाज आला. फुस्स. कुणी भरलेल्या सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडावी तसा, पण त्यात थोडा ओलेपणा.

"मागं हाय," शालूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

सगळे वळले. वीस-पंचवीस हातांवर पाण्यातून एक लांब चोच वर आली. तिच्यामागं कपाळ आलं, गोल, भरलेलं, गुळगुळीत. मग शिशाच्या रंगाची पाठ, पाठीवर उंचवटा, उंचवट्यावर छोटा पर, आणि सगळं एखाद्या चाकासारखं फिरून खाली गेलं. शालूबाईंचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडं गेला. तेवीस वर्षं ज्या वाटीतली धूळ काढली, ती भरल्यावर अशी दिसते तर.

दुसरी पाठ वर आली, तिसरी आली. पुण्याचे गृहस्थ ओरडले, "पाच! पाच आहेत!" आत्मारामनं त्यांना हातानं दाबलं, "गप रवा जरा."

"सात हायेत," शालूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

रश्मीनं मांडीवरच्या कागदावरून मान वर केली. "कसे मोजलेत?"

"एकाचा पर मागून फाटेल हाय. त्याच्या डाव्या अंगानं दोघं जोडीनं येऊन राहिले. तिकडं तीन हायेत, ते वर यायला जास्त वेळ लावतात. अन् सातवं लहान हाय, रंगानं फिकं. ते त्यातल्या मोठीच्या पल्याड राहते, म्हणून दिसत नाई. ती वर आली की ते मागोमाग येते. पाहा, आता."

मोठी पाठ वर आली. तिच्या आडून, जवळजवळ तिला चिकटून, हातभर फिकट पाठ क्षणभर दिसली आणि गेली. रश्मीनं तोंडावर हात ठेवला. मग कागदावरचा सहाचा आकडा खोडून तिनं सात लिहिलं.

ते अर्धा तास होडीच्या आसपास होते. उड्या वगैरे काही मारल्या नाहीत. पुण्याच्या गृहस्थांची त्यामुळं जरा निराशा झाली, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. शालूबाईंना उड्यांचं सुचलंही नव्हतं. फाटक्या पराचा किती वेळानं वर येतो हे त्या श्वास मोजून पाहत होत्या, आणि लहानगं त्याच्या आईच्या निम्म्याच वेळात वर येतं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्याचा दम लहान असणार. मग आई त्याच्यासाठी लवकर वर येते, की ते एकटंच येऊन जातं? त्यांनी आणखी तीन खेपा पाहिल्या. कधी आई यायची, कधी यायची नाही.

परत येताना रश्मी त्यांच्याजवळ सरकून बसली. "मावशी, तुम्ही शिकवत होता का कॉलेजात?"

"नाई बाई. मी ट्रे धुवत होती." मग म्हणाल्या, "एक इचारू? तुमी काल सांगतलं, आवाज डोक्यातून निंघते अन् ऐकू जबड्यातून येते. दोन्ही एकाच तोंडात. मंग तो जवा सोताच आवाज टाकून राहते, तवा त्याचे कान बसत नसतील? आपण थाळी वाजवत असलो तं आपल्याले दुसऱ्याचं बोलणं ऐकू येते का?"

होडीच्या कडेवर बोटं वाजवत रश्मी विचार करायला लागली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. हे मी कधी विचारलंच नाही कुणाला."

शालूबाईंना हसू आलं. रश्मीही हसली, आणि तिनं डॉल्फिनच्या नोंदीच्या कागदामागं तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला, थाळीसकट. तिच्या एक मॅडम गोव्याला याच विषयाचं काम करत होत्या, त्यांना ती विचारणार होती.

शालूबाई पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. परतीचं तिकीट त्यांनी एकदा पुढं ढकललं, मग रद्दच केलं. महिनाभर त्या रोज सकाळी नीलमचा डबा भरून झाला की रिक्षानं खाडीच्या तोंडाशी जात. होडीत दर वेळी जागा नसे, पण तिथल्या दीपगृहाच्या बाजूच्या खडकावरून सगळं दिसे. रश्मीनं त्यांना दुर्बीण आणि कोऱ्या नोंदींचा एक गठ्ठा दिला होता. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, किती दिसले, लहान किती. शालूबाईंचं अक्षर मोठं आणि सावकाश, एका रकान्यात मावायचं नाही. आत्माराम होडी लावता लावता खालून ओरडून विचारायचा, "आज कितके गे बाय?" आणि शालूबाई दुर्बीण न काढताच बोटं वर करायच्या.

गोव्याच्या मॅडमचं उत्तर फेब्रुवारीत आलं. बरंच लांब होतं. त्यातलं अर्धं रश्मीनं समजावून सांगितलं. आवाज टाकण्याच्या क्षणी डॉल्फिन आपली ऐकण्याची ताकद कमी करत असावा, आणि आवाज परत यायच्या वेळेला ती पुन्हा वाढवत असावा, असं काही प्रयोगांतून दिसलं होतं. पण ते प्रयोग टाकीतल्या, वेगळ्या जातीच्या डॉल्फिनवरचे होते. या खाडीतल्या जातीचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मंग पाहाले पायजे," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी रबरी चपला चढवल्या, नोंदींचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खडकाकडं निघाल्या. ओहोटी लागली होती. अशा वेळी ते खाडीच्या तोंडाशी येतात, हे एव्हाना त्यांना ठाऊक झालं होतं.